दारात उभा असलेला प्रवासी

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान उड्डाणानंतर मिनिटभरही हवेत राहिले नाही. विमानातील २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला, आणि ज्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर ते कोसळले तिथली व आसपासची १९ माणसेही गेली. त्यानंतरचे काही आठवडे नाशिकमध्ये, निदान आमच्या नात्यागोत्यात, ‘विमानाने जायचे की गाडीने’ या प्रश्नावर बरीच चर्चा झाली. माझ्या थोरल्या दिरांचे ओझरहून दिल्लीचे विमानाचे तिकीट काढलेले होते. ते त्यांनी रद्द केले आणि रेल्वेचे काढले. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, गाडीला उशीर झाला तरी चालेल, पण खाली जमीन असलेली बरी.” त्यांच्या या म्हणण्यात तर्क नव्हता असे नाही. गाडी बंद पडली तर ती रुळावर उभी राहते आणि विमानाला तशी सोय नसते, हे कुणालाही पटणारे आहे.

मला खटकले ते निराळेच. अहमदाबादच्या तीनच दिवस आधी, ९ जूनच्या सकाळी, मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी एकमेकांवर घासून खाली पडले आणि त्यांतील चौघे त्याच दिवशी दगावले. त्यातली एक लोकल कसाऱ्याची होती. म्हणजे आमच्या घाटाच्या पायथ्यापर्यंत येणारी. ती बातमी वाचून आमच्या घरात कुणी रेल्वेचे तिकीट रद्द केले नाही. रद्द करावे असे मलाही सुचवायचे नाही. पण एका बातमीने आपला बेत बदलतो आणि दुसरीने बदलत नाही, याचे कारण केवळ मृतांच्या आकड्यातील फरक असते, तर वर्षाची बेरीज केल्यावर उलटे घडायला हवे होते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २०२४ या एका वर्षात अडीच हजारांच्या आसपास माणसे मेली. कुणी रूळ ओलांडताना, कुणी गाडीतून पडून. त्याउलट २०१० पासून २०२५च्या मध्यापर्यंत भारतीय विमान कंपन्यांच्या मोठ्या प्रवासी विमानांचे प्राणघातक अपघात तीन झाले : मंगळुरूला १५८, कोळिकोडला २१ आणि अहमदाबादला विमानातले २४१. पंधरा वर्षांची ही बेरीज ४२० होते. शिवाय ही तिन्ही विमाने परदेशातून आलेली किंवा परदेशी निघालेली होती. देशांतर्गत मार्गावर मोठ्या प्रवासी विमानाला झालेला प्राणघातक अपघात शोधायचा म्हटले, तर २००० सालच्या जुलैमधील पाटण्यापर्यंत मागे जावे लागते.

एवढ्यावरून विमान सुरक्षित आणि रेल्वे धोक्याची असा निकाल देऊन टाकणारे बरेच भेटतात. तो निकाल मला मान्य नाही, कारण त्यात भाजक सोयीचा निवडलेला असतो. भारतीय रेल्वे वर्षाला सुमारे ७०० कोटी प्रवास घडवते, तर देशांतर्गत विमानांनी २०२४ साली सुमारे १६ कोटी प्रवासी नेले. रेल्वे ज्यांना आपल्या हिशेबात अपघात म्हणते, म्हणजे टक्कर, डबे घसरणे, आग आणि फाटकावरची धडक, त्यांत २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार ७४८ जण मेले. वर्षाला सरासरी पाऊणशे मृत्यू आणि ७०० कोटींच्या घरातले प्रवास हे गणित मांडले, तर सुमारे नऊ कोटी प्रवासांमागे एक मृत्यू असे प्रमाण येते आणि ते कोणत्याही विमान कंपनीने हेवा करावा असे आहे. अशा अपघातांची संख्याही उतरत गेली आहे : २०१४-१५ मध्ये १३५, तर २०२४-२५ मध्ये ३१. अर्थात त्या ७०० कोटींतले निम्म्याहून अधिक प्रवास लोकलमधले, अर्ध्या-पाऊण तासाचे असतात, आणि विमानाचा एक प्रवास हजार किलोमीटरचा असू शकतो. मग मोजायचे प्रवासामागे, किलोमीटरमागे की तासामागे?

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण निकाल त्यावरच फिरतो. युरोपीय परिवहन सुरक्षा परिषदेने २००३ साली युरोपातील आकडे मांडले होते. त्यांत दर दहा कोटी प्रवासी-किलोमीटरमागे रेल्वे आणि विमान या दोन्हींचे मृत्यू सारखेच, ०.०३५ इतके होते. तीच मोजणी वेळावर केली तेव्हा दर दहा कोटी प्रवासी-तासांमागे रेल्वेचे २ आणि विमानाचे १६ मृत्यू आले. कारण उघड आहे. विमान तासाला आठशे किलोमीटर कापते, आणि त्याचा धोका बहुतांशी उड्डाण व उतरणे या मोजक्या मिनिटांत साठलेला असतो. मधले अंतर कितीही वाढले तरी त्यात फारशी भर पडत नाही. नाशिक रोड ते दिल्ली हे सुमारे साडेतेराशे किलोमीटरचे अंतर रेल्वेने वीसेक तास घेते आणि विमानाने दोन तास. ज्याला दिल्ली गाठायचीच आहे त्याने किलोमीटरचा हिशेब धरावा हे बरोबर. त्या परिषदेच्या त्याच तक्त्यात मोटारगाडीचा आकडा ०.७ आहे, म्हणजे रेल्वे आणि विमान या दोघांच्याही वीसपट, आणि दुर्दैवाने चर्चेत तो कुणीच काढत नाही.

आता यंत्रणेबद्दल थोडे, कारण नाशिककराला रेल्वेची सावधगिरी डोळ्यांनी पाहायला मिळते तशी फार थोड्या गावांतल्या लोकांना मिळत असेल. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला चढ ३७ फुटांमागे एक फूट इतका तीव्र आहे आणि १८६५ पासून गाड्या तो चढत आहेत. मुंबईहून येणारी गाडी कसाऱ्याला थांबते आणि मागून बँकर इंजिने जोडली जातात. जोडताना शेवटच्या डब्यांना बसणारा हलकासा धक्का आणि मग चढावर गाडीचा बदलणारा आवाज पासधारकांना झोपेतही कळतो. उलट दिशेने, इगतपुरीहून खाली उतरण्याआधी, ब्रेकची तपासणी झाल्याशिवाय गाडी हलत नाही. मी एकदा पावसाळ्यात इगतपुरीच्या फलाटावर उतरून हे पाहत उभी होते. रेनकोट घातलेला एक कर्मचारी वाकून डब्यांच्या खाली बॅटरीचा उजेड टाकत एकेक चाक पाहत पुढे सरकत होता. एका चाकापाशी तो थांबला, काहीतरी ठोकले, पुन्हा पाहिले, मग पुढे गेला. डब्यातले लोक खिडकीतून ‘अजून का सोडत नाहीत’ म्हणून वैतागत होते. उतारावर गाडी आवरली नाहीच तर तिला मुख्य मार्गावरून बाजूला, चढावर किंवा वाळूत नेऊन थांबवणारे ‘कॅच सायडिंग’ घाटांमध्ये बांधलेले असतात, म्हणजे ब्रेक निकामी होईल हे गृहीत धरूनच घाट आखला आहे.

विमानशास्त्राचीही रीत हीच, फक्त ती अधिक कडक आहे. तिथे प्रत्येक अपघातानंतर एखादा नियम जन्माला येतो. १९९६ साली हरयाणातील चरखी दादरीवर दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळली आणि ३४९ माणसे गेली. त्यानंतर टक्कर टाळण्याचा इशारा देणारे यंत्र आपल्याकडे विमानांना सक्तीचे झाले. मराठवाड्यातल्या वाचकांना १९९३चा एप्रिल आठवत असेल. औरंगाबादच्या चिकलठाण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गासड्यांनी भरलेल्या ट्रकला चाटून गेले, पुढे विजेच्या तारांना अडकून पडले आणि ११८ पैकी ५५ जण मेले. धावपट्टी संपते तिथून वाहता रस्ता जावा आणि विमान उडत असताना त्यावरून ट्रक सुटावा, यात विमानाचे इंजिन कुठेच नाही. रस्ता, फाटक आणि माणूस हेच आहेत. अहमदाबादच्या अपघाताबद्दल प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचे इंधन एका सेकंदाच्या अंतराने बंद झाल्याची नोंद आहे. ते का झाले यावर लोकांनी ठाम मते बनवून टाकली आहेत. चौकशी पुरी होण्याआधी मत बनवण्याची ही घाई मला पटत नाही.

रेल्वेच्या बाजूलाही असेच घडते. २ जून २०२३ रोजी बालासोरजवळ बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता, पण सांधे बाजूच्या लूप लाइनकडे वळलेले होते. ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक वेगाने ती उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९०हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोष सिग्नलच्या जोडणीच्या कामात निघाला. (जाता जाता : रेल्वे सुरक्षा आयुक्त हे रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. चौकशी करणाऱ्याने चौकशी होणाऱ्याच्या हाताखाली असू नये म्हणून केलेली ही जुनी व्यवस्था आहे आणि ती मला फार शहाणपणाची वाटते.) टक्कर टाळणारी ‘कवच’ यंत्रणा देशभर हळूहळू बसत आहे. नवे एलएचबी डबे जुन्या डब्यांसारखे एकमेकांवर चढत नाहीत. २०१७च्या ऑगस्टमध्ये आसनगाव-वासिंदच्या दरम्यान दरड आल्यामुळे नागपूर-मुंबई दुरांतोचे इंजिन आणि डबे घसरले तेव्हा एकही प्रवासी दगावला नाही.

मात्र मला जे म्हणायचे आहे ते या यंत्रणांपलीकडचे आहे. विमानात पहिल्या रांगेतला आणि शेवटच्या रांगेतला प्रवासी यांच्या तिकिटात कितीही फरक असो, धोका दोघांचा जवळपास सारखाच असतो. एकही माणूस उभा असेल तर विमान सुटत नाही. ओझरला एकदा असेच आम्ही बसून राहिलो होतो. कुठलासा दिवा लागत नव्हता आणि तो लागेपर्यंत दोनशेच्या आसपास माणसे पट्टे बांधून घड्याळ पाहत होती. कुरकुर झाली, पण ‘दिवा नसला तरी सोडा’ असे कुणी म्हटले नाही, आणि म्हटले असते तरी कुणी ऐकले नसते. रेल्वेत सुरक्षितता तिकिटाप्रमाणे बदलते. वातानुकूलित डब्यात बर्थ असलेल्या प्रवाशासाठी रेल्वे विमानाइतकीच सुरक्षित आहे, आणि ते वर मांडलेल्या नऊ कोटींच्या हिशेबात दिसते. त्याच गाडीच्या जनरल डब्याच्या दारातल्या माणसासाठी तोच हिशेब लागू पडत नाही. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही : जनरल डबे बहुधा गाडीच्या दोन टोकांना जोडलेले असतात. समोरून टक्कर झाली तर पहिला मार आणि मागून झाली तरी पहिला मार त्यांनाच. बालासोरमध्ये कित्येक मृतांची ओळख महिनोन् महिने पटली नाही, त्यातही अनारक्षित डब्यांचा वाटा होता. त्यांची नावे कोणत्याच यादीत नव्हती. आरक्षित ई-तिकीट काढताना ४५ पैशांत दहा लाखांचा विमा घेता येतो. खिडकीवर जनरलचे तिकीट काढणाऱ्याला ती सोय नाही.

नाशिक रोडला दिवाळी-छठच्या दिवसांत उत्तरेकडे जाणारी कुठलीही गाडी येताना पाहावी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले आणि द्राक्षबागांवर कामाला आलेले मजूर फलाटाच्या टोकाला तासन् तास आधी जाऊन बसतात, कारण जनरल डबा तिथे लागतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी माझी गाडी लागण्याची वाट पाहत असताना समोरच्या गाडीत मी एक मुलगा पाहिला. वय असेल विसाच्या आतले. तो पायरीवर बसला होता, आत शिरायला जागाच नव्हती, आणि त्याने आपले डावे मनगट गमछाने दाराच्या दांड्याला बांधून घेतले होते. गाठ दोनदा ओढून पाहिली, मग दुसऱ्या हाताने पाठीवरची बॅग पुढे घेतली. झोप लागली तर पडू नये म्हणून केलेली ती तजवीज होती आणि ती त्याला कुणीतरी शिकवलेली असणार, कारण पुढच्या डब्याच्या दारातही एकाने तसेच केले होते. पलीकडे पोलीस उभा होता. त्याने काही म्हटले नाही. म्हणून तरी काय करणार होता, उतरवले असते तर तो पुढच्या गाडीच्या पायरीवर बसला असता.

तो मुलगा नाशिक रोड-भुसावळच्या मध्ये कुठे पडला असता, तर त्याची नोंद रेल्वे अपघातांच्या त्या ३१ मध्ये झाली नसती. कायद्यात त्याला ‘अनुचित घटना’ असे वेगळे कलम आहे. वारसांना आठ लाख रुपये मिळू शकतात, आणि खिशात तिकीट सापडले नाही एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. पण अपघातांची आकडेवारी उतरली की नाही या चर्चेत तो नसतो. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ साली रेल्वेच्या सुरक्षिततेवर अहवाल दिला तेव्हा रुळांवर दरवर्षी सुमारे पंधरा हजार माणसे मरतात, त्यांतली सहा हजारांच्या आसपास मुंबईत, हे स्पष्ट लिहिले होते आणि अतिशय कडक शब्द वापरले होते. त्या आकड्यात पादचारी पुलाऐवजी रूळ ओलांडणारे पुष्कळ आहेत आणि ‘चूक त्यांचीच’ असे म्हणण्याची आपली पद्धत आहे. चूक असेलही. फलाटाच्या एका टोकाला एकच पूल असला आणि गाडी दुसऱ्या टोकाला सुटत असली की किती सुशिक्षित माणसे रुळात उतरतात, ते मी रोज पाहते.

अफवेनेही माणसे मरतात. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली, साखळी ओढली गेली, लोक भीतीने खाली उतरले ते शेजारच्या रुळावर, आणि समोरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली डझनभर माणसे सापडली. आग नव्हतीच. उडत्या विमानातल्या लोकांना अशी सुटका स्वतः करून घेण्याचा मार्गच नसतो. कुणाला हे भयंकर वाटेल. पण दार आतून उघडता न येणे हेच तिथे अनेकांचे प्राण राखते, हेही खरे.

दिरांच्या निर्णयाबद्दल मला त्यांना एवढेच सांगायचे होते की, भीतीपोटी विमान सोडून रेल्वेत बसण्यात फारसे नुकसान नाही; रस्त्यावर उतरणे महागात पडते. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर लोकांनी विमाने टाळून मोटारी काढल्या. पुढच्या वर्षभरात त्यामुळे रस्त्यांवर सुमारे दीड हजार जास्तीचे बळी गेले असावेत, असे जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी दाखवून दिले. आपल्याकडे २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरच्या पहाटे नाशिकमध्ये औरंगाबाद रोडवरच्या मिरची हॉटेल चौकात खासगी बस ट्रकवर आदळून पेटली आणि बारा प्रवासी गेले. चौक तोच आहे, आम्ही तिथूनच जातो. शहरातून ओझरला विमान पकडायला जाताना मुंबई-आग्रा महामार्गावरचा तो अर्धा-पाऊण तास हा विमानप्रवासाचा सर्वांत धोक्याचा भाग असतो, आणि रिक्षात मागे तिघे, पुढे ड्रायव्हरजवळ एक असे बसून नाशिक रोड गाठणाऱ्यालाही तेच लागू आहे. भाऊजी शेवटी टू-टियरने गेले, व्यवस्थित पोहोचले, गाडी चार तास उशिरा होती.

नाशिक रोडच्या फलाटावर आता मुंबई-शिर्डी वंदे भारतही थांबते. तिची दारे मिटल्याशिवाय ती हलत नाही आणि थळ घाट ती बँकरशिवाय चढते. तोच मार्ग, तेच सिग्नल, त्याच घाटातले तेच बोगदे. पण तिच्या दारात कुणी उभा राहू शकत नाही. म्हणजे जे विमानाला जमते ते रुळांवरही जमते, हे आपल्या डोळ्यांसमोर आहे. मुंब्र्यानंतर रेल्वेने बिगरवातानुकूलित लोकललाही आपोआप मिटणारी दारे बसवण्याचे जाहीर केले, दारांत झरोके आणि छतावर हवेची सोय यांसह. उत्तम आहे. मात्र शंभरेक आसनांच्या डब्यात जिथे अडीचशे माणसे चढतात, तिथे दार मिटायचे तर दीडशे जणांना आधी दुसरा डबा द्यावा लागेल, आणि दिवाळीत नाशिक रोडहून सुटणाऱ्या गाड्यांना जनरलचे किती डबे जोडले आहेत हे मोजायला फलाटावर दहा मिनिटे पुरतात.